प्लेटलेट्स ॲडिक्वेट

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. ताईला विचारलं तर ती म्हणाली लिही, फक्त माझ्या पोरीचं नाव टाकू नको. म्हणून इथे तिला बाळी म्हणते, घरात पण आम्ही तेच म्हणतो.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, गेली १४ वर्षं सातारा जिल्ह्यात एका लॅबमध्ये काम करते. रोज साठ-सत्तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्ट, हाताखालून जातात. रिपोर्टच्या तळाला एक ओळ असते, "प्लेटलेट्स ॲडिक्वेट ऑन स्मिअर", म्हणजे स्लाइडवर प्लेटलेट्स, रक्त थांबवणाऱ्या त्या बारीक पेशी, पुरेशा दिसतात. ती ओळ मी हजारो वेळा टाइप केली असेल. बाळीच्या रिपोर्टवर पण मीच टाइप केली, एकदा नाही चार वेळा, ती तीन वर्षांची असल्यापासून. आणि ती ओळ खोटी नव्हती, हेच मला आजपर्यंत पचत नाहीये.

बाळीला जूनमध्ये न्हाण आलं. बारा वर्षांची, शाळा सुरू होऊन आठवडाच झालेला. आईने शिरा केला, आत्याने नवीन ड्रेस आणला. पाचव्या दिवशी थांबेल म्हणून ताई वाट बघत होती, आठवा दिवस आला तरी थांबेना, दिवसाला दहा-बारा पॅड लागायला लागले, आधी सुपारीएवढ्या गाठी पडत होत्या त्या लिंबाएवढ्या झाल्या, आणि पोरगी आपली कुशीवर पडून, तोंड भिंतीकडे करून, कुणाला सांगायची पण लाज. जिथे दाखवलं तिथे सोनोग्राफी झाली, नॉर्मल. पहिल्या पहिल्या पाळीला होतं असं, म्हणाले. आणि हे पूर्ण चूक नाही हो. सुरुवातीची एक-दोन वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार होत नाही, मग अस्तर नुसतंच जाड होत जातं आणि कसंही, कधीही सुटतं. बऱ्याच मुलींचं तेच असतं आणि आपोआप बसतं. पण म्हणूनच ज्या मुलीचं तसं नसतं ती त्या गर्दीत हरवते.

नवव्या दिवशी रात्री बाळी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन ५.२. बारा हवं तिथे सव्वापाच. प्लेटलेट्स २ लाख ८० हजार. दीड ते साडेचार लाख नॉर्मल, म्हणजे मस्त मधोमध. पीटी नॉर्मल, एपीटीटी नॉर्मल, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघायच्या दोन्ही टेस्ट ठीक. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले रक्तात काहीच दोष नाही.

तिचं सॅम्पल सकाळी आमच्या लॅबला पण आलं होतं. प्लेन बल्बमध्ये, म्हणजे आत काही औषध न घातलेल्या नळीत घेतलेलं रक्त अर्ध्या तासात गोठतं, मग ती गुठळी हळूहळू आकसते, बल्बची भिंत सोडते आणि वर पिवळसर सिरम सुटतं. ते सिरम मशीनला लावायचं. "सिरम सुटलं का गं" हा आमच्याकडे दिवसातून वीस वेळा विचारला जाणारा प्रश्न. बाळीचं रक्त गोठलं, पण गुठळी आकसलीच नाही. दोन तासांनी बघितलं तरी बल्बभर तशीच जेलीसारखी बसलेली, वर सिरम नावाला. मी बल्ब हातात धरून तशीच उभी राहिले. कारण गुठळी आकसवण्याचं काम प्लेटलेट्सचं असतं, त्या गुठळीतले फायब्रिन नावाच्या प्रोटीनचे धागे धरून ओढतात, मूठ आवळल्यासारखं. दोन लाख ऐंशी हजार आहेत, मग ओढत का नाहीयेत?

माझी ड्युटी संपल्यावर मी थेट वॉर्डात गेले आणि डॉक्टरांना विचारून दोन गोष्टी केल्या. एक तर बोटाला टोचून थेट स्लाइड केली. नेहमीची स्लाइड आम्ही ईडीटीए बल्बमधल्या रक्ताची करतो, ईडीटीए रक्त गोठू देत नाही, त्यात बहुतेक सगळ्यांच्या प्लेटलेट्स सुट्या सुट्याच दिसतात, त्यामुळे त्या स्लाइडवर संशय यायला जागाच नसते. पण बोटातून थेट घेतलेल्या थेंबात चांगल्या प्लेटलेट्स लगेच एकमेकींना धरतात, पुंजके दिसतात. लीशमन स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून लावायचा रंग, केला, मायक्रोस्कोपखाली धरलं. एकही पुंजका नाही. सगळ्या एकट्या एकट्या, दूर दूर. दुसरं म्हणजे बीटी केली, ब्लीडिंग टाइम, टोचल्यावर रक्त किती वेळात थांबतं ते बघायची टेस्ट. आजकाल ही टेस्ट फारशी करत नाहीत, टोचायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला फिल्टर पेपरने थेंब टिपायचा, चार-पाच मिनिटांत थांबायला हवं. पंधरा मिनिटं झाली, पेपरवर लाल ठिपक्यांची रांगच्या रांग, मग मी कापूस दाबून थांबवलं. बाळी म्हणाली मावशी, माझं नेहमीच असं होतं.

नेहमीच असं होतं. हे तिला माहीत होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं. सव्वा महिन्याची असताना सोनाराकडे कान टोचले तेव्हा रात्रभर कान गळत होता, आई कापूस बदलत बसली होती. उन्हाळ्यात घोळणा फुटायचा तो तासतासभर, मग कांदा फोडून हुंगायला दे, डोक्यावर पाणी मार, आणि उष्ण प्रकृती आहे म्हणून सब्जा आणि धन्याचं पाणी. दुधाचा दात पडला की दोन दिवस तोंडात रक्त. कुठेही आपटलं नाही तरी मांडीवर, दंडावर काळेनिळे डाग. यातली प्रत्येक गोष्ट आम्ही वेगळी वेगळी बघितली, आणि दरवेळी सीबीसी केली की माझी ओळ होतीच, प्लेटलेट्स ॲडिक्वेट. डाग बघून शाळेतल्या एका बाईंनी तर ताईला विचारलं होतं, घरात मारता का हिला. ताई त्या दिवशी घरी येऊन रडली होती.

आता हे जरा नीट सांगते, कारण पाळीचं रक्त थांबतं कसं हे मलाही या निमित्ताने पहिल्यांदा धड कळलं. शाळेत शिकवतात की अस्तर गळून पडतं म्हणजे पाळी, झालं. पण अस्तर सुटतं तेव्हा खाली ज्या मळसूत्रासारख्या वळलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात त्यांची तोंडं उघडी पडतात, ती कोण बंद करतं? सुरुवातीच्या तासांत ते काम प्लेटलेट्स करतात. रक्तवाहिनी फाटली की आतलं कोलॅजन उघडं पडतं, त्याला फॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रोटीन चिकटतं, त्या प्रोटीनला धावत्या रक्तातल्या प्लेटलेट्स अडकतात, अडकल्या की त्या आकार बदलतात, एडीपी, थ्रॉम्बॉक्सेन ही रसायनं बाहेर सोडतात, म्हणजे बाकीच्यांना हाका मारतात, आणि मग एकमेकींचा हात धरतात. तो हात म्हणजे प्लेटलेटच्या अंगावरचा एक रिसेप्टर, आणि दोन हातांच्या मधला दुवा म्हणजे रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रोटीन. झाली बुचं तयार. त्याच्या मागोमाग रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मग नवीन अस्तर धरायला लागतं.

आणि गंमत बघा, गर्भाशयाला पूर्ण गोठवून पण चालत नाही, नाहीतर अस्तर बाहेर कसं पडणार. म्हणून तिथे गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा पण जोरात चालू असते, प्लाझमिन नावाचं एन्झाइम फायब्रिन कापत राहतं. साधारण पाळीत जे पातळ जातं ते असं आतल्या आत गोठून परत विरघळलेलं असतं. अंगावरून फार वेगाने जायला लागलं की प्लाझमिनला तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून गाठी पडतात. कितीतरी बायका म्हणतात गाठी पडतात म्हणजे माझं रक्त घट्ट आहे. नाही हो, रक्त घट्ट नाही, वेग जास्त आहे.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे, आणि ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त समजतात. आता कोण मोजणार मिलीत. त्यापेक्षा हे बघा: तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतंय, रात्री उठून बदलावं लागतंय, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी, सात दिवसांच्या वर चाललंय, गादी खराब होते म्हणून खाली चटई टाकून झोपतेय. यातलं काही असेल आणि शिवाय घोळणा, हिरड्या, डाग, दात काढल्यावर न थांबणं असलं काही असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका.

बाळीला रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून सुरू केलं, प्लेटलेट्स चढवल्या, हॉर्मोनच्या गोळ्यांचा मोठा डोस दिला, तिसऱ्या दिवशी कमी झालं. ट्रॅनेक्झॅमिकबद्दल मला फार प्रेम आहे म्हणून सांगते, ते जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी शोधलं, १९६२ ला प्रसिद्ध केलं. बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात ते थांबवणं हे त्या बाईंचं स्वप्न होतं. हे औषध गुठळी बनवत नाही, बनलेली गुठळी प्लाझमिनला कापू देत नाही. आपल्याकडे ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं आणि महाग पण नाही. मात्र मनाने घ्यायचं नाही, ज्यांना गुठळ्या होण्याचा त्रास आहे त्यांना ते चालत नाही.

मग आम्ही तिला मुंबईला नेलं. परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, अशा आजारांवर तिथे काम चालतं. दाजी म्हणाले सॅम्पल कुरिअर करू ना, पोरीला एवढा प्रवास कशाला. पण प्लेटलेट फंक्शनची टेस्ट म्हणजे ॲग्रिगोमेट्री, ती ताज्या रक्तावरच होते, काढल्यापासून साधारण चार तासांच्या आत, नंतर चांगल्या प्लेटलेट्स पण थकतात आणि रिपोर्ट चुकतो. म्हणजे रक्त जात नाही, माणसालाच जावं लागतं. जिल्ह्याच्या गावातली किती पोरं या एका कारणामुळे निदानाशिवाय राहत असतील असं मला तिथल्या बाकावर बसून सारखं वाटत होतं. टेस्टमध्ये प्लेटलेट्स असलेल्या गढूळ प्लाझ्मातून उजेड सोडतात आणि एकेक रसायन घालतात, प्लेटलेट्सचे पुंजके झाले की द्रव स्वच्छ होतो, जास्त उजेड पलीकडे जातो, ग्राफ चढतो. बाळीचा ग्राफ एडीपीला सपाट. कोलॅजनला सपाट. ॲड्रेनलिनला सपाट. फक्त रिस्टोसेटिनला हलला, कारण तिथे प्लेटलेट्स फॉन विलेब्रांड फॅक्टरला दुसऱ्याच रिसेप्टरने चिकटतात, तो तिचा शाबूत आहे. म्हणजे चिकटता येतं पण एकमेकींचा हात धरता येत नाही, कारण हातच नाहीत. नंतर फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींच्या अंगावर कोणते रिसेप्टर आहेत ते बघणाऱ्या टेस्टमध्ये, तेच पक्कं झालं. ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया.

एडुआर्ड ग्लान्झमन हे स्वित्झर्लंडचे मुलांचे डॉक्टर, त्यांनी हा आजार १९१८ मध्ये लिहून ठेवला. प्लेटलेट्सची संख्या बरोबर पण गुठळी आकसत नाही, हे त्यांनी त्या काळात नुसतं बघून ओळखलं होतं. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने जे बल्बमध्ये बघितलं तेच मी बघितलं, फक्त मी नऊ वर्षं उशिरा बघितलं.

त्यानंतर मी जे हाताला लागेल ते वाचत सुटले. त्यात एका पोरीची गोष्ट मनातून जातच नाही. फिनलंडजवळ ओलंड नावाची बेटं आहेत, तिथल्या फॉग्लो बेटावरची योर्डिस. १९२४ मध्ये पाच वर्षांची असताना तिला एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणलं, तिच्या काही भावंडांचा आधीच रक्तस्रावाने जीव गेला होता. हिमोफिलिया म्हणावं तर तो बहुतेक मुलग्यांना होतो, आणि या घरात तर बायकांना जास्त त्रास. त्यांनी अख्ख्या घराण्याची वंशावळ काढली आणि १९२६ मध्ये हा वेगळा आजार म्हणून लिहिला, पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. योर्डिस तेराव्या वर्षी गेली, चौथ्या पाळीत. चौथ्या. मी हे वाचलं तेव्हा बाळी शेजारच्या खोलीत दुसऱ्या पाळीची वाट बघत होती.

फॉन विलेब्रांडचा आजार ग्लान्झमनपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. पाळीला खूप जास्त जाणाऱ्या बायकांमध्ये तपासणी केली तर शंभरात दहा-तेरा जणींना तो निघतो असं वेगवेगळे अभ्यास एकत्र करून सांगितलं जातं. आणि त्यातही प्लेटलेट काउंट नॉर्मलच येतो. शिवाय त्या फॅक्टरची पातळी स्थिर नसते, ओ रक्तगटाच्या लोकांत मुळातच थोडी कमी असते, ताप, ताण, गरोदरपण यात वाढते, त्यामुळे एकदा टेस्ट नॉर्मल आली म्हणून विषय संपत नाही, परत करावी लागते. आपल्याकडे डेंग्यू आला की घरातला लहान पोरगा पण विचारतो काउंट किती आला, पपईच्या पानांचा रस काय, किवी काय, पण त्या काउंटमधल्या प्लेटलेट्स काम करतात का हा प्रश्नच आपल्या बोलण्यात नाही.

आणि पाळीबद्दल तर आपण काय बोलतो? "आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं." हे वाक्य मी सॅम्पल घेताना इतक्या वेळा ऐकलंय, आणि ते बायका समाधान म्हणून सांगतात, म्हणजे यात काळजीचं काही नाही या अर्थाने. अहो, घरात सगळ्यांना आहे हीच तर डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. त्या सगळ्या काही रक्तस्रावाच्या आजाराच्या नाहीत, खाणं आहे, जंत आहेत, पाठोपाठची बाळंतपणं आहेत. पण गूळ-शेंगदाणे खा, अळिवाचे लाडू खा म्हणून जे भरतो ते महिन्याच्या महिन्याला कुठून जातंय हे कुणी विचारत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवा, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांची कारणं वेगळी, कामाचे खाडे, दंड, भीती, त्यावर मी काय लिहिणार. पण अंगावरून जातंय म्हटल्यावर पिशवीच काढायची इथपर्यंत आपण जातो आणि एक साधी रक्ताची चौकशी करत नाही, याचा मला संताप येतो.

पुढचं अवघड होतं ते घरातच. बाळीला आता रोज हॉर्मोनची गोळी असते, पाळी दर महिन्याला येऊच द्यायची नाही, तीन-चार महिन्यांतून एकदा, तीही ट्रॅनेक्झॅमिकच्या आधाराने. आत्याने पाकिटावरचं वाचून घेतलं कुणाकडून तरी, आणि बारा वर्षांच्या पोरीला कसली औषधं देता, पुढे मूल होणार नाही, लोक काय म्हणतील, असं सुरू झालं. मी आत्याला समोर बसवून सांगितलं की आत्या, गर्भाशय चांगलं आहे, बीज चांगलं आहे, गोळी बंद केली की पाळी परत येणार, पण गोळी नाही दिली तर परत पिशव्या चढवाव्या लागतील. आणि बाळीला प्लेटलेट्स वारंवार चढवण्यात एक मोठा धोका आहे, तिच्या शरीराने ते हात कधी बघितलेलेच नाहीत, बाहेरच्या प्लेटलेट्सवर ते हात दिसले की शरीर त्यांना परके समजून अँटीबॉडीज तयार करू शकतं, मग खऱ्या गरजेला, म्हणजे अपघाताला, ऑपरेशनला, बाळंतपणाला, प्लेटलेट्स चढवून पण उपयोग होत नाही. म्हणून त्या जपून ठेवायच्या.

ॲस्पिरिन पूर्ण बंद. कंबर दुखली म्हणून आपण मेडिकलमधून जी गोळी आणतो ती पण बंद, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड सगळं. चांगल्या प्लेटलेट्स असलेल्या बाईला मेफेनॅमिकने उलट थोडं कमी जातं, पण ही औषधं प्लेटलेट्सना सुस्त करतात, जिच्या आधीच काम करत नाहीत तिला ती विषासारखी. ॲस्पिरिन तर प्लेटलेटला कायमचं निकामी करतं, प्लेटलेट जगतेच सात ते दहा दिवस, म्हणजे एका गोळीचा परिणाम आठवडाभर. दुखलं तर पॅरासिटॅमॉल आणि गरम पाण्याची पिशवी. दप्तरात एक पाऊच असतो, गोळ्या, जास्तीचे पॅड, एक काळी पँट, आणि आजाराचं नाव, रक्तगट, काय द्यायचं काय नाही हे लिहिलेला कागद. डाग बघून ज्यांनी विचारलं होतं त्याच बाईंकडे त्याची एक प्रत आहे, त्या आता खेळाच्या तासाला स्वतः लक्ष ठेवतात.

एक गोष्ट राहिली. ताईला आत्याच्याच घरी दिलीय, म्हणजे दाजी आमचे सख्खे आतेभाऊ. आमच्याकडे ही रीतच आहे, आत्याने भाची सून करून घ्यायची, घरातलं माणूस घरात. ग्लान्झमन व्हायला जीनची खराब प्रत आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. एकच प्रत असलेल्या माणसाला काही होत नाही, म्हणून ताईला कधी त्रास नाही, दाजींना नाही, आत्याला नाही. आजी-आजोबांपैकी कुणा एकाकडे ती होती, ती माझ्या वडिलांकडून ताईकडे आली आणि आत्याकडून दाजींकडे, आणि बाळीत दोन्ही येऊन मिळाल्या. माझ्यात पण असू शकते, पन्नास टक्के. दर मुलामागे चारात एक शक्यता, बाळीचा धाकटा भाऊ सुटला, त्याचं तपासून घेतलं.

आणि आता गणपतीत कळलं की दाजींच्या धाकट्या भावाला माझ्या काकांची मुलगी करायचं चाललंय. परत तेच घर, तीच आत्या. मी सगळ्यांसमोर बोलले की लग्न करा नाहीतर नका करू, ते मी ठरवणारी कोण, पण आधी दोघांचं रक्त तपासा. आत्या उठून आत गेली. माझ्या घरात खोट काढलीस, म्हणाली. मी म्हटलं खोट नाही गं आत्या, ती माझ्या पण अंगात असेल. काकू काही बोलल्या नाहीत, पण रात्री त्यांचा फोन आला, कुठे जायचं, काय न्यायचं, उपाशी लागतं का.

मागच्या सोमवारी दोघं पहाटेच्या एसटीने मुंबईला जाऊन रक्त देऊन आले. आत्या माझ्याशी अजून बोलत नाही. रिपोर्ट दिवाळीच्या आत येईल म्हणालेत.